‘फीलिंग डाउन’ की ‘फॉलिंग डाउन’? : बरे-वाईट सांगणारी इंग्रजी शिकताना



या अंकातला पाठ इंग्रजीचा आहे. सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करते. जिच्या बाबतीत ती चूक घडली तिनेच मला सांगितले, “लिहा बाई, दुसऱ्याचं तरी चुकणार नाही.” म्हणून लिहिते आहे. तिचे नाव आणि गाव देत नाही.

कन्नड तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका भिल्ल वस्तीवरची ही बाई. वय चाळिशीच्या आतबाहेर. तिची मुलगी मुकुंदवाडीत खोली घेऊन राहते, नर्सिंगचा कोर्स करते आणि रविवारी दुपारी आमच्या इंग्रजीच्या वर्गाला येते. आईला चक्कर येते, जेवण जात नाही, म्हणून मुलीने तिला शहरात आणले. त्या दिवशी मुलीची परीक्षा होती, म्हणून दवाखान्यात सोबत मी गेले. डॉक्टर तरुण, परराज्यातले. मराठी येत नव्हते, हिंदी जेमतेम. मी दुभाषी झाले.

डॉक्टरांनी विचारले, “हॅज शी बीन फीलिंग डाउन?”

माझ्या डोक्यात चक्कर हाच विषय घोळत होता. मला ऐकू आले ‘फॉलिंग डाउन’. मी लगेच सांगून टाकले, “येस डॉक्टर, टू टाइम्स, इन द किचन.” डॉक्टर क्षणभर थांबले, पण बाहेर रांग मोठी होती. रक्तदाब पाहिला, रक्त तपासायला दिले, ताकदीच्या गोळ्या लिहिल्या. निघताना ती बाई मला म्हणाली होती, “जीवच उडालाय माझा.” त्याचे मी इंग्रजी केले, “वीकनेस”. काम झाले असे समजून आम्ही रिक्षात बसलो.

तीन आठवड्यांनी मुलगी वर्गात आली ती रडवेली होऊन. आई भिंतीकडे तोंड करून बसते, चूल पेटवत नाही, कोणाशी बोलत नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आले. तिचा धाकटा मुलगा आदल्या वर्षी ऊसतोडीच्या हंगामात गेला होता. मला हे ठाऊक होते. तरीही ‘जीव उडालाय’ या शब्दांत मी फक्त अशक्तपणा ऐकला.

दुसऱ्या वेळी मुलगी स्वतः आईबरोबर गेली. डॉक्टरांनी विचारले, “हाउ इज शी कोपिंग?” तिला तो शब्द माहीत नव्हता. पण वर्गात आम्ही एक वाक्य घोकून घेतले होते, ते तिने वापरले: “सॉरी डॉक्टर, आय डोंट अंडरस्टँड. प्लीज से इट इन ईझी वर्ड्स.” डॉक्टरांनी सोप्या शब्दांत पुन्हा विचारले. मग तिने आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले, भावाचे सांगितले. डॉक्टरांच्या लक्षात आले की हे दुःख आता आजार होऊन बसले आहे. नैराश्यावरचे उपचार सुरू झाले. या पावसाळ्यात ती बाई पुन्हा कापसाच्या खुरपणीला गेली.

फीलिंग आणि फॉलिंग. एका स्वराचा फरक, आणि तीन आठवडे वाया. म्हणून हा पाठ.

१. लहान शब्द, मोठा घोटाळा

आमच्या वर्गात येणारी मुले-मुली बहुतेक डोंगराकडच्या वस्त्यांवरची. कोणी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, कोणी कॉलेजात, कोणी नर्सिंगला. घरी बोली वेगळी, शाळेत मराठी, कामावर हिंदी आणि कागदावर इंग्रजी. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. आमच्या पिढीला ती पाचवीत भेटली. तरी दोन्ही पिढ्या अडखळतात ती एकाच जागी.

अवघड शब्द त्यांना तितके अडवत नाहीत. ‘हॉस्पिटल’, ‘इन्फेक्शन’, ‘ऑपरेशन’ हे शब्द आता वस्तीवरची आजीही बोलते. अडते ते ‘गेट’, ‘पुट’, ‘गिव्ह’, ‘ब्रेक’, ‘कम’ अशा साध्या क्रियापदांपाशी. त्यांच्यामागे ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ओव्हर’ असे शेपूट लागले की अर्थ पार बदलतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. ‘थ्रो’ म्हणजे फेकणे, पण ‘थ्रो अप’ म्हणजे ओकणे.

यात आपल्या मुलांचा कमीपणा काही नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला मोठा इंग्रजी कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी म्हटले आहे की परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जास्त त्रास होतो तो या जोडशब्दांचा. त्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापील पुस्तकात आले ते १९२५ मध्ये. म्हणजे नाव शंभर वर्षांचे, त्रास मात्र कितीतरी जुना.

मराठी माणसाने मात्र घाबरण्याचे कारण नाही, कारण हीच गोष्ट आपण रोज वेगळ्या रीतीने करतो. आई मुलाला म्हणते, “औषध पिऊन टाक.” येथे ‘टाक’ म्हणजे फेकून दे असे कोणी समजत नाही. ‘पिऊन टाक’ म्हणजे सगळे पी, संपव. इंग्रजीत नेमके हेच ‘ड्रिंक अप’. त्यातला ‘अप’ वर नेत नाही, जसा आपला ‘टाक’ काही फेकत नाही. ‘खाऊन टाक’ म्हणजे ‘ईट अप’.

आणखी पाहा. बोलणे, बोलून टाकणे, बोलून जाणे, बोलून दाखवणे. क्रियापद एकच, पण चारही अर्थ वेगळे. ‘बोलून टाकले’ म्हणजे मनातले बाहेर काढले. ‘बोलून गेला’ म्हणजे नको ते तोंडातून निघाले. आपले शेपूट ‘टाक, जा, घे, दे, पड’ हे आहे आणि इंग्रजीचे ‘अप, डाउन, ऑफ, आउट’. ही तुलना फळ्यावर लिहिली त्या रविवारी वर्गातला एक मुलगा म्हणाला, “म्हणजे इंग्रजांनाही आपलं ‘रडून घे’ समजणार नाही!” खरेच आहे. ‘घे’ म्हणून सांगतो, आणि हातात काहीच देत नाही!

शिकवताना नियम एकच ठेवावा: जोडशब्द तोडून शिकू नये. ‘अप म्हणजे वर’ असे पाठ करण्यापेक्षा ‘थ्रो अप म्हणजे ओकणे’ असा पूर्ण शब्द, वाक्यासकट पाठ करावा.

२. शरीराचे शब्द

दवाखान्यात आणि कामावर वारंवार ऐकू येणारे जोडशब्द हे आहेत. प्रत्येकाबरोबर एक वाक्य दिले आहे.

कम डाउन विथ – आजार जडणे, लागण होणे. “शी केम डाउन विथ मलेरिया.” तिला मलेरिया झाला.

थ्रो अप – उलटी होणे. “द चाइल्ड थ्रू अप ट्वाइस.” मुलाला दोनदा उलटी झाली.

पास आउट – शुद्ध हरपणे, भोवळ येऊन पडणे. “ही पास्ड आउट अ‍ॅट वर्क.” तो कामावर भोवळ येऊन पडला.

ब्रेक आउट – अंगावर पुरळ उठणे. साथ पसरली तरी हाच शब्द.

स्वेल अप – सूज येणे. “हर फूट स्वेल्ड अप.”

वेअर ऑफ – औषधाचा किंवा गुंगीचा असर उतरणे. “द पेन विल कम बॅक व्हेन द इंजेक्शन वेअर्स ऑफ.” इंजेक्शनचा असर उतरला की दुखेल.

गेट ओव्हर – आजारातून किंवा दुःखातून बाहेर येणे.

पुल थ्रू – मोठ्या दुखण्यातून वाचणे. आपण म्हणतो, ‘जिवावरचे बोटावर निभावले’.

यात ‘पास आउट’ आणि ‘पास अवे’ यांची गल्लत सर्वांत वाईट. ‘पास अवे’ म्हणजे देवाघरी जाणे. आमच्या वर्गातल्या एकीला भावाच्या कारखान्यातून मोबाइलवर निरोप आला की भाऊ ‘पास्ड आउट’ झाला आहे, लवकर या. तिने तो ‘पास्ड अवे’ समजून वस्तीवर फोन केला. तिकडे दोन तास रडारड, पाहुण्यांना निरोप, आणि इकडे भाऊ उपाशीपोटी उन्हात काम करून भोवळ आलेला, तो लिंबूपाणी पीत बसलेला. नंतर सगळे हसले, पण म्हाताऱ्या आईचे त्या दोन तासांत काय झाले असेल?

त्यातच आपल्याकडे ‘तो २०२२ चा पास आउट’ असे म्हणतात, म्हणजे त्या वर्षी शिक्षण पूर्ण केलेला. हा अर्थ भारतात रूढ आहे. इंग्लंडच्या दवाखान्यात तसे सांगितले तर नर्स धावत येईल.

३. चढ आणि उतार

जोडशब्द लक्षात राहण्यासाठी एक युक्ती सांगते. इंग्रजीत बरे वाटणे बहुधा ‘वर’ असते आणि आजारपण ‘खाली’. ‘कम डाउन विथ फीव्हर’ म्हणजे तापाने आजारी पडणे. ‘रन डाउन’ म्हणजे थकून खंगलेला. ‘ब्रेक डाउन’ म्हणजे मनाने कोसळणे. याउलट ‘गेट अप’ म्हणजे उठणे, ‘चिअर अप’ म्हणजे मन आनंदी करणे, ‘अप अँड अबाउट’ म्हणजे दुखण्यातून उठून हिंडू-फिरू लागणे.

मराठीतही तसेच आहे. माणूस आजारी ‘पडतो’, मन ‘खचते’, मग ‘उभारी’ येते आणि तो ‘उठून बसतो’. मुलांना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात.

फक्त ताप उलटा आहे. ताप ‘चढतो’ तेव्हा वाईट, ‘उतरतो’ तेव्हा चांगले. इंग्रजीतही तापमान ‘वेंट अप’ म्हणजे वाईट आणि ‘केम डाउन’ म्हणजे चांगले. म्हणून ‘द फीव्हर केम डाउन’ ही चांगली बातमी आणि ‘ही केम डाउन विथ फीव्हर’ ही वाईट. ‘विथ’ कुठे आहे ते पाहावे.

कानालाही जपावे लागते. ‘कम डाउन’ आणि ‘काम डाउन’ हे दोन शब्द जवळजवळ सारखे ऐकू येतात. ‘काम डाउन’ म्हणजे शांत हो. यातल्या ‘काम’चा आपल्या कामधंद्याशी संबंध नाही. माझ्या फीलिंग-फॉलिंगचा धडा येथेही लागू आहे: ऐकल्याची खात्री नसेल तर पुन्हा विचारावे.

४. मनाचे शब्द

हा भाग सावकाश वाचावा, कारण येथेच आपण सगळे कमी पडतो.

फील डाउन, फील लो – मन उदास असणे. ‘लो’ ऐकला की आपल्याकडे लगेच ‘बीपी लो’ समजतात, म्हणून सावध राहावे.

बॉटल अप – दुःख मनात कोंडून ठेवणे. बाटलीला बूच लावतात तसे.

ओपन अप – मन मोकळे करणे. आपले ‘बोलून टाकणे’ याच्या जवळचे.

कोप विथ – निभावून नेणे, तोंड देणे. “शी इज कोपिंग विथ हर लॉस.” ती आपल्या दुःखाला तोंड देत आहे.

बर्न आउट – सतत कामाने आतून जळून रिकामे होणे. शिक्षक, नर्स, आणि आजाऱ्याची सेवा करणारी घरची सून, सगळ्यांना हे होते.

ब्रेक डाउन – बांध फुटून रडू कोसळणे, धीर सुटणे. गाडी बंद पडली तरी हाच शब्द.

गिव्ह अप – याचे दोन चेहरे आहेत. “गिव्ह अप टोबॅको” म्हणजे तंबाखू सोड, हे चांगले. “डोंट गिव्ह अप” म्हणजे हार मानू नको. पण कोणी “आय वाँट टू गिव्ह अप” असे म्हटले तर तेथे थांबावे आणि ऐकावे.

‘चिअर अप’ हा गोड शब्द आहे, पण औषध नव्हे. परीक्षेत कमी गुण मिळालेल्या मुलाला ‘चिअर अप’ म्हणणे ठीक. महिनाभर अंथरूण न सोडणाऱ्या माणसाला ते म्हटले तर त्याला वाटते, यांना माझे समजलेलेच नाही. आपले ‘टेन्शन घेऊ नको’ हेही तसेच. मंडळीत आपण आणखी एक वाक्य बोलतो, ‘विश्वास ठेव म्हणजे बरे वाटेल.’ हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला वाटते की आपला विश्वास कमी पडला म्हणून हा आजार. मधुमेह झालेल्याला आपण असे म्हणत नाही. त्याला प्रार्थना आणि गोळी दोन्ही देतो. मनाच्या आजारालाही दोन्ही द्यावे.

५. फुलपाखरे, कावळे आणि मुंग्या

इंग्रजीत काही बोलणी अशी आहेत की ती शब्दशः घेतली तर हसू येते. आपलीही तशीच आहेत. वर्गात आम्ही ती जोडीने शिकतो.

‘बटरफ्लाइज इन माय स्टमक’ म्हणजे पोटात फुलपाखरे. अर्थ: काळजीने किंवा धाकधुकीने पोटात गोळा येणे. आपल्या पोटात मात्र कावळे ओरडतात, आणि ते भुकेने. मुलाखतीआधी ‘फुलपाखरे’, जेवणाआधी ‘कावळे’ असे सांगितले की मुले विसरत नाहीत.

‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणजे टाचण्या आणि सुया. आपण म्हणतो पायाला मुंग्या आल्या. वर्गातल्या एकाने एकदा सांगितले, “सर, अँट्स केम इन माय लेग.” साहेबांनी त्याची चप्पल झटकून पाहिली!

‘अंडर द वेदर’ म्हणजे जरा बरे नसणे, अंगात कणकण असणे. हवामानाचा येथे काही संबंध नाही.

‘अ लंप इन माय थ्रोट’ म्हणजे गळा दाटून येणे. पण ‘लंप’चा साधा अर्थ गाठ. डॉक्टरांपुढे रडू आवरत नसेल तर “आय फील लाइक क्राइंग” असे सरळ सांगावे. ‘लंप’ म्हटले तर ते गळा तपासायला घेतील. आणि स्तनात किंवा मानेत खरीच गाठ असेल तर ‘लंप’ हाच शब्द न लाजता सांगावा.

‘बॅक ऑन माय फीट’ म्हणजे दुखण्यातून उठून पुन्हा हिंडता-फिरता होणे. शब्द पाहिले तर हे आपले ‘पायावर उभे राहणे’. पण मराठीत तो वाक्प्रचार मुख्यतः कमावते होण्यासाठी वापरतात. शब्द सारखे, अर्थ जरा वेगळा.

‘फिट अ‍ॅज अ फिडल’ म्हणजे ठणठणीत.

६. आपण घडवलेली इंग्रजी

आपल्या तोंडी काही इंग्रजी शब्द असे बसले आहेत की ते मराठीच झाले आहेत. ‘मला बीपी आहे’, ‘त्यांना शुगर आहे’. खरे तर रक्तदाब आणि साखर प्रत्येकाच्या रक्तात असते. वाढली की तो आजार. इंग्रजीत सांगताना “आय हॅव हाय बीपी”, “आय हॅव डायबिटीस” असे सांगावे.

‘निगेटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह’ या शब्दांनी अनेकांना रडवले आहे. तपासणीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ म्हणजे जो आजार शोधला तो सापडला नाही. बहुतेक वेळा ही चांगली बातमी. बोलण्यात ‘पॉझिटिव्ह’ चांगले आणि ‘निगेटिव्ह’ वाईट, अहवालात उलट. करोनाच्या काळात हे सर्वांना कळले, पण क्षयरोगाच्या तपासणीत अजून गोंधळ होतो.

चिठ्ठीवर गोळीपुढे ‘एस.ओ.एस.’ लिहिले असले की काही जण घाबरतात, जणू बुडत्या जहाजाची हाक आहे. ते लॅटिन शब्दांचे लघुरूप आहे. अर्थ इतकाच की गरज पडली तरच घ्यावी.

एक व्याकरणाची चूक तर आपण सगळेच करतो. ‘दोन दिवसांपासून ताप आहे’ याचे इंग्रजी ‘सिन्स टू डेज’ करतो. किती काळ ते सांगायचे तर ‘फॉर’: “फीव्हर फॉर टू डेज.” कधीपासून ते सांगायचे तर ‘सिन्स’: “फीव्हर सिन्स मंडे.” डॉक्टरांना आपले चुकलेले ‘सिन्स’ही समजते, पण नर्सिंगच्या मुलींनी रोजच्या नोंदीत बरोबर लिहावे.

७. ‘वेलबीइंग’ला मराठीत काय म्हणावे?

वर्गात हा प्रश्न आला आणि आम्ही अर्धा तास अडलो. कोणी म्हणाले आरोग्य, कोणी कल्याण, कोणी सुख. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. तिच्यात आरोग्याची व्याख्या करताना म्हटले आहे की आजार नसणे एवढेच आरोग्य नव्हे. शरीर, मन आणि समाजातले जगणे या तिन्ही बाजूंनी पूर्ण बरे असणे म्हणजे आरोग्य. ‘वेलबीइंग’मध्ये हे तिन्ही आहेत.

आपल्याकडे ‘स्वास्थ्य’ हा सुंदर शब्द आहे. स्वस्थ म्हणजे जो स्वतःच्या ठिकाणी आहे, ज्याचे चित्त ठिकाणावर आहे. ‘जीव उडालाय’ म्हणणाऱ्या बाईच्या शब्दांशी तो लावून पाहा. जीव आपल्या जागी नाही, उडून गेला आहे, असेच ती सांगत होती. तिची भाषा अगदी नेमकी होती. कमी पडली ती माझी इंग्रजी, आणि थोडे माझे लक्ष. पवित्र शास्त्राच्या इब्री भाषेतला ‘शालोम’ हा शब्द आपण ‘शांती’ असा वाचतो. त्यातही नुसते भांडण नसणे एवढाच अर्थ नाही. पूर्णता, सुरक्षितता, शरीराचे बरे असणे हे सगळे त्यात येते. पूर्वी पत्राच्या सुरुवातीला ‘येथील सर्व क्षेम’ लिहीत, तोही याच कुळातला.

शब्दाला शब्द जुळवण्याचे हे काम सोपे नाही, आणि ते करणाऱ्यांचे आपल्यावर ऋण आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. तो मोठा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती यावा म्हणून बाबा पद्मनजींनी त्याचा संक्षेप केला, तो १८६३ मध्ये निघाला. मोल्सवर्थचा कोश निघाला त्याच वर्षी बेळगावात बाबांचा जन्म झाला होता. आज आपल्या वस्त्यांवरच्या बोलींतल्या दुखण्या-खुपण्याच्या शब्दांचे असे काम व्हायला हवे. वर्गात आम्ही एक वही केली आहे. प्रत्येक जण घरी आजीला विचारून येतो, “पोट दुखतं त्याला आपल्यात किती शब्द?” मग त्यापुढे मराठी आणि इंग्रजी लिहितो. ती वही हळूहळू भरते आहे.

८. कोणाबरोबर दवाखान्यात जाताना

आपल्यापैकी अनेक जण वस्तीवरच्या आजाऱ्यांसोबत दवाखान्यात जातात. माझ्या चुकीतून शिकलेले पाच नियम देते.

पहिला. आजाऱ्याचे शब्द आधी जसेच्या तसे सांगावे, मग आपला अर्थ. “शी सेज हर लाइफ हॅज फ्लोन अवे” हे मोडके इंग्रजी ‘वीकनेस’पेक्षा शंभरपट चांगले. डॉक्टर पुढे विचारतील तरी.

दुसरा. आजाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण परस्पर देऊ नये. प्रश्न त्याला सांगावा, उत्तर त्याच्या तोंडून यावे.

तिसरा. न समजल्यास विचारावे. “कुड यू से इट अगेन, प्लीज?” यात लाज नाही. मला हे माझ्या विद्यार्थिनीने शिकवले.

चौथा. निघण्यापूर्वी पुन्हा म्हणून दाखवावे: “डॉक्टर, वन टॅबलेट इन द मॉर्निंग, फॉलो अप आफ्टर सेव्हन डेज. इज इट राइट?” ‘फॉलो अप’ म्हणजे पुन्हा दाखवायला येणे. बरे वाटले तरी यावे.

पाचवा. घरात अलीकडे कोणी गेले असेल, कर्ज असेल, दारूचा त्रास असेल, तर आजाऱ्याच्या परवानगीने ते डॉक्टरांना सांगावे. ‘डोकं दुखतं’ याच्या मागे पुष्कळदा हेच असते.

मनाच्या त्रासासाठी ‘टेली-मानस’ ही सरकारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक लावला की समुपदेशकाशी मराठीतही बोलता येते. तेथे इंग्रजी लागत नाही. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन्ही क्रमांक मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावेत.

९. घरचा सराव

घरात मुले असतील तर हा सराव त्यांच्याबरोबर करावा. रिकाम्या जागी योग्य जोडशब्द भरा.

१. औषधाचा असर उतरल्यावर दात दुखू लागला. “द पेन केम बॅक व्हेन द मेडिसिन ....”
२. तिने तंबाखू सोडली. “शी .... टोबॅको.”
३. तो महिनाभर उदास आहे. “ही हॅज बीन .... फॉर अ मंथ.”
४. ती आजीची काळजी घेते. “शी .... हर ग्रँडमदर.”
५. तपासणी पुढे ढकलू नका. “डोंट .... युवर चेक-अप.”

उत्तरे: १. वोर ऑफ. २. गेव्ह अप. ३. फीलिंग डाउन. ४. लुक्स आफ्टर. ५. पुट ऑफ.

चौथे आणि पाचवे या पाठात आले नव्हते. ते ज्याला आले त्याला शाबासकी. नाही आले त्याने आता लिहून घ्यावे.

गेल्या रविवारी वर्ग संपताना ती बाई मुलीला भेटायला आली होती. मुकुंदवाडी स्टेशनवरून गाडी गेली, आवाज थांबेपर्यंत आम्ही सगळे गप्प बसलो. मग मुलीने गमतीने विचारले, “आई, हाउ आर यू?” आईला इंग्रजी येत नाही. पण प्रश्न तिला बरोबर समजला. ती म्हणाली, “आता बरंय. जीव लागतोय.”

याचे इंग्रजी काय करावे ते आम्ही फळ्यावर लिहिले नाही. पुढच्या रविवारचा गृहपाठ म्हणून दिले आहे. आपणही करून पाहा.